मदत हवी आहे : आठवीतल्या मुलांना गोव्याचं साहित्य कसं वाचायला द्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंड्याला राहतो. लेक आठवीत, इंग्रजी माध्यमात. मराठी आहे, पण फक्त मार्कांपुरती. परवा तिची वही चाळली. कवितेच्या पानावर कठीण शब्दांचे अर्थ आणि प्रश्नोत्तरं, फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली. कविता वर्गात मोठ्यानं म्हटली का विचारलं, तर म्हणाली, "नाही, टीचरनी उत्तरं दिली."

मडगावला आजोळी जाताना आम्ही दर वेळी बोरीच्या पुलावरून जातो. 1910 साली जन्मलेले कवी बा. भ. बोरकर मूळ याच बोरीचे, हे तिला ठाऊक नव्हतं. कोकणीतले रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो, दोघेही ज्ञानपीठाचे मानकरी. तीही नावं नवीनच. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' हे मराठी काव्य 1616 मध्ये इथंच छापलं गेलं, ते तर लांबच राहिलं. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्यामागे पोर्शन पुरा करायची घाई असते. पण जीव तुटतो हो.

दर रविवारी वाड्यावरच्या सात-आठ मुलांना घरी बसवून तासभर वाचायचं ठरवलंय. बोरकरांच्या कुठल्या कवितांपासून सुरुवात करू? महादेवशास्त्री जोशींच्या कथांतली भाषा या वयाला झेपेल का? कोकणी कथांचे चांगले मराठी अनुवाद कोणते? आणि शाळेत असा वाचनतास कुणी सुरू करून घेतला असेल, तर मुख्याध्यापकांशी बोलणं कसं काढलंत, तेही जरूर लिहा.