बांधून घ्यायच्या रायफलीसाठी वाइल्डकॅट काडतूस निवडावे का?

मूळ मांडणी : उदगीरकर

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. तेथे परवाना आणि हंगाम पाळून शिकार करता येते, आणि कारागिराकडून आपल्या मनाजोगती रायफल बांधून घेणे हा तिकडे सरळ व्यवहार आहे. त्याने माउझर ९८ या जर्मन रायफलीची जुनी अ‍ॅक्शन घेतली आहे, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट आणि त्याचा सांगाडा, आणि तिच्यावर नवी नळी चढवायची आहे. शिकार एल्कची, म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातल्या, पण त्याहून थोराड हरणाची. नळीत चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची पोकळी, कोणत्या काडतुसाचा कापावा, यावर गेले तीन महिने दर रविवारी आमचा फोनवर वाद चालतो आणि शेवटी वहिनी फोन काढून घेते.

ज्यांना वाइल्डकॅट हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. जे काडतूस कोणत्याही प्रमाणक संस्थेने मान्य केलेले नाही आणि जे कारखान्यात तयार होऊन दुकानात मिळत नाही, हौशी लोकांनी दुसऱ्या एखाद्या काडतुसाची पुंगळी (पितळी नळकांडे) घेऊन तिची मान (गोळी धरणारे अरुंद तोंड) आवळून किंवा खांदा (अंगाकडून मानेकडे जाणारा उतार) बदलून बनवले आहे, त्याला वाइल्डकॅट म्हणतात. भावाच्या मनात .३०-०६ अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड भरले आहे. मूळ .३०-०६ हे १९०६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले काडतूस. त्याच्या पुंगळीचा खांदा साडेसतरा अंशांचा असून अंग मानेकडे निमुळते होत जाते. पी. ओ. अ‍ॅक्ली या बंदूक-कारागिराच्या पद्धतीने हेच अंग जवळजवळ सरळ आणि खांदा चाळीस अंशांचा केला, की त्याच लांबीच्या पुंगळीत थोडी अधिक दारू मावते.

माझे मत स्पष्ट आहे. हे नाकापेक्षा मोती जड होण्याचे लक्षण आहे. पुंगळीची जागा साधारण सहा-सात टक्के वाढते, आणि काडतुसे स्वतः भरणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे की दाब तितकाच ठेवला तर वेगातील वाढ ही जागेतील वाढीच्या चौथ्या हिश्शाइतकीच असते. म्हणजे १८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २७०० फूट जात असेल तर ती फार तर २७५० फूट जाईल. दोनशे यार्डांवर नेम बांधलेला असला तर तीनशे यार्डांवर या वाढीने इंचभरही फरक पडत नाही. त्यासाठी वेगळा रीमर (चेंबर कापणारे हत्यार), वेगळी गेजे (चेंबरचे माप तपासणारी), वेगळ्या डाय (पुंगळीला आकार देणारे साचे) आणि पुढे विकताना गिऱ्हाईक शोधण्याची पायपीट हे सगळे पत्करायचे का?

प्रतिसाद : परभणीचा नेमबाज

दादा, आपला हिशेब बरोबर आहे. परंतु आपण वाइल्डकॅटचे मोजमाप केवळ वेगाने करीत आहात, आणि तेथेच माझा आक्षेप आहे.

निमुळत्या अंगाची पुंगळी प्रत्येक फैरीत पुढे ताणली जाते, तिची मान लांबते, ती छाटावी लागते आणि काही भरण्यांनंतर बुडाच्या वर पितळ पातळ होते. सरळ अंगाची आणि तीव्र खांद्याची पुंगळी कमी ताणली जाते. जो माणूस एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरणार आहे त्याच्यासाठी हा लाभ पन्नास फुटांच्या वेगापेक्षा मोठा आहे. शिवाय अ‍ॅक्लीच्या रचनेतील खरी हुशारी आपण सांगितलीच नाही. या चेंबरमध्ये दुकानातले साधे .३०-०६ काडतूस झाडता येते. वेग किंचित कमी मिळतो, पण त्याच बारात पुंगळी फुगून नव्या आकाराची होते. यालाच फायर-फॉर्मिंग म्हणतात. आपल्या बंधूंची काडतुसांची पेटी प्रवासात हरवली तरी गावातल्या पहिल्या दुकानात त्यांचे काम भागेल. बाकीच्या बहुतेक वाइल्डकॅटना ही सोय नाही.

आणि वाइल्डकॅटला अनौरस समजणे इतिहासाला धरून नाही. .२२-२५० हे १९६५ साली आणि .२५-०६ हे १९६९ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. त्याआधी कित्येक वर्षे ती दोन्ही हौशी लोकांच्या कार्यशाळांतच जगत होती. .३५ व्हेलनला तर १९२२पासून १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली.

प्रतिसाद : नांदेडचा वकील

चर्चा रंगात आली आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यांत गावाकडची तरुण मुलेही असतील. हा वाद मोंटानातल्या रायफलीचा आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणे तर दूरच, ते दुरुस्त करणे, त्यात बदल करणे किंवा त्याची चाचणी घेणेही गुन्हा आहे. आणि त्याच कायद्यातील व्याख्येप्रमाणे काडतुसाचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा दारूगोळ्यातच मोडते. रोह्यांनी हरभरा खाल्ला म्हणून कोणी लेथवर प्रयोग करू नयेत.

मुद्द्याविषयी मी उदगीरकरांच्या बाजूचा आहे. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती जी .३१५ रायफल दिसते तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० मॅनलिखरवरून आलेले आहे. ते कोणी गुणांवर भाळून निवडले नव्हते; लष्करी .३०३ नागरिकांकडे जाऊ नये म्हणून ते पुढे आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने येथे .४५० बोअरवर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) बंदी घातली, तेव्हा विलायतेतील कारखान्यांनी .४६५, .४७० अशी नवी काडतुसे काढली, तीही गरजेपोटीच. कायद्याने किंवा कामाने भाग पाडले तर नवे काडतूस समजू शकते. येथे काय भाग पाडते आहे?

प्रतिसाद : वाळूजचा टूलरूमवाला

मी एमआयडीसीत बावीस वर्षे डाय आणि गेज बनवीत आलो आहे. बंदूक कधी हातात धरलेली नाही. तरीही सांगतो, कारण हा विषय शेवटी शंभर मायक्रॉनवर येऊन थांबतो.

परभणीच्या सरांनी सांगितले की साधे काडतूस अ‍ॅक्ली चेंबरमध्ये चालते. चालते, परंतु कशामुळे? साध्या पुंगळीचा खांदा त्या मोठ्या चेंबरमध्ये कोठेही टेकत नाही. ती टेकते फक्त मान आणि खांदा यांच्या सांध्यावर. तेथे ती बोल्टच्या तोंडाशी घट्ट दाबली जावी म्हणून हा चेंबर मूळ मापापेक्षा एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या चौपटीने, म्हणजे सुमारे ०.१० मिलिमीटरने, आखूड ठेवावा लागतो. मूळ काडतुसाचे ‘गो’ गेज येथे ‘नो-गो’ म्हणून वापरतात, म्हणजे त्याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. कारागिराने हे न ओळखता जुन्या चेंबरमध्ये नुसता रीमर फिरवला आणि काम झाले म्हणून सांगितले, तर पहिल्याच बारात पुंगळी बुडाजवळ ताणून फुटू शकते. ‘इम्प्रूव्हड’ या शब्दावर माझा राग नाही. पण माप चुकलेले ‘सुधारित’ हे मूळ मालापेक्षा वाईट असते, हे आमच्या तपासणी खात्यात रोज दिसते.

प्रतिसाद : परभणीचा नेमबाज

साहेब, हा दोष कारागिराचा आहे, काडतुसाचा नव्हे. सरळ पुंगळी चेंबरच्या भिंतीला अधिक घट्ट धरते, त्यामुळे बोल्टवर मागे येणारा धक्का कमी होतो. अ‍ॅक्लीने स्वतः विंचेस्टर मॉडेल ९४ रायफलीत .३०-३० इम्प्रूव्हडचा चेंबर कापून, कुलूप लावणारा भागच काढून टाकून बार केले होते आणि बोल्ट उडाला नाही.

प्रतिसाद : वाळूजचा टूलरूमवाला

तो प्रयोग मी नाकारत नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला घातक वाटतो. पितळ भिंतीला धरते ते घर्षणामुळे, आणि घर्षण पृष्ठभागावर अवलंबून असते. चेंबरमध्ये तेलाचा पुसट थर राहिला किंवा पावसाचे पाणी गेले की ती पकड सुटते आणि सगळा भार बोल्टच्या कानांवर, म्हणजे त्याला कुलूप लावणाऱ्या उंचवट्यांवर, येतो. शिवाय दुसरी बाजूही पाहा. कमी ताणणारी पुंगळी आणि कमी धक्का यांमुळे, जास्त दाबाची जी खूण साध्या पुंगळीत लवकर दिसली असती ती येथे उशिरा दिसते. वाइल्डकॅटला प्रमाणित दाबमर्यादा नसते. .३०-०६ला ती आहे, चौरस इंचाला ६०,००० पौंड. काही हौशी लोक दीडशे-दोनशे फूट वेग वाढल्याचे जे अभिमानाने सांगतात, तो वेग मला खांद्याच्या कोनातून आलेला वाटत नाही. ते नकळत मर्यादेपलीकडे गेलेले असतात.

प्रतिसाद : परभणीचा नेमबाज

दाबाविषयीचे म्हणणे मान्य. मग .२८० अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड घ्यावे. ते वाइल्डकॅटच होते, पण नोस्लर कंपनीच्या पुढाकाराने २००७ साली प्रमाणित झाले. तयार काडतुसे, मोजलेला दाब आणि चाळीस अंशांचा खांदा हे तिन्ही त्यात मिळते. गोळी सात मिलिमीटरची आहे. एल्कला ती पुरते.

प्रतिसाद : उदगीरकर

हाच पर्याय मी भावाला कालच सुचवला. त्याचे उत्तर असे की आमच्या आजोबांच्या हातात जी गोष्ट कधी नव्हती ती निदान तिसाच्या, म्हणजे .३० इंची, बोअरमध्ये असावी. याला तर्काने उत्तर देता येत नाही. मॅगझिनमधून सरळ अंगाची पुंगळी चेंबरमध्ये तितकी अलगद सरकत नाही, आणि बर्फात, हातमोजे घालून बोल्ट ओढताना हे जाणवेल, असेही मी सांगून पाहिले. तो म्हणतो, सराव करीन.

प्रतिसाद : वाळूजचा टूलरूमवाला

उदगीरकर, मग वाद मिटवण्याचा कारखान्यातला मार्ग सांगतो. धातू काढता येतो, परत घालता येत नाही. साध्या .३०-०६ चेंबरचा पुढे कधीही अ‍ॅक्ली करता येतो. अ‍ॅक्लीचा साधा करायचा तर नळीचा मागचा भाग बराच कापून चेंबर पुन्हा घ्यावा लागेल. तेव्हा आत्ता साधा चेंबर कापून घ्यावा आणि एक-दोन हंगाम रायफल वापरावी. तरीही हौस उरली तर नळी एक पूर्ण आटा मागे घेऊन अ‍ॅक्लीचा रीमर चालवावा. माउझर ९८च्या नळीला इंचाला बारा आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २.१ मिलिमीटर. त्यात ते ०.१० मिलिमीटरचे गणितही नीट बसते आणि नळीवरच्या खुणा पुन्हा बरोबर वरच्या बाजूला येतात. फक्त आजच कारागिराला सांगून ठेवावे की आट्यांपुढचा जाड भाग त्या हिशेबाने लांब ठेव. आणि चेंबर बदलला त्याच दिवशी नळीवरचे नावही बदलून कोरून घ्यावे. रायफल उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल तेव्हा त्याला आपला हा वाद माहीत नसेल.

प्रतिसाद : उदगीरकर

रविवारी सांगितले. वहिनीने पहिल्यांदाच फोन काढून घेतला नाही. जाड भाग लांब ठेवण्याचे भावाने कारागिराला कळवले आहे. अ‍ॅक्लीचा रीमर मात्र त्याने आधीच मागवून ठेवलेला होता, हे त्याने फोन ठेवता ठेवता कबूल केले.