अनुभव धागा : भैरवी लागली की तवा ठेवायची आई

परवा मोबाइलवर एक जुनी मैफल लावून कांदा चिरत होतो. शेवटाची भैरवी सुरू झाली आणि हात आपोआप गॅसकडे गेला. तवा ठेवलासुद्धा. मग लक्षात आलं, घरात मी एकटाच, आणि भूकही नाही.

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी महिन्या-दीड महिन्यानं बैठक असायची. वडील तबल्याला. नवखा माणूस दारात आला की त्यांचं ठरलेलं सुरू व्हायचं : अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी गवई म्हणून ठेवलं ते याच गावात, मल्लिकार्जुन मन्सूर ज्यांच्याकडं शिकले ते भूर्जी खाँ इथलेच, आणि आपला गाण्याचा देवल क्लब १८८३ चा. आतून आई म्हणायची, "आधी पाणी द्या त्यांना, मग इतिहास."

तिला रागांची नावं यायची नाहीत. हिशेब मात्र पक्का. विलंबित, म्हणजे संथ गाणं, चालू आहे तोवर रश्शाला घाई नाही. द्रुत, म्हणजे जलद, आला की तांदूळ वैरायचे. भैरवी लागली की तवा. वीस-पंचवीस माणसं, आणि तानपुऱ्याला गवसणी चढेतो पहिल्या पंगतीच्या पानावर गरम भाकरी. कुणी "जेवून आलोय" म्हणालं तर, "मग परत जेवा की, काय हुतंय?"

तुमच्या घरचंही लिहा. ख्यालच, म्हणजे शास्त्रीय गाणंच, पाहिजे असं नाही. भजन, रेडिओ, काहीही.

शिवाजी पेठेतून

आमच्याकडं ख्याल-बियाल नाही. वडील सोंगी भजनात पेटी वाजवायचे, तालीम आमच्याच सोप्यात. सोंगांना आईच्या साड्या जायच्या. एक इरकल गेलं ते परत आलंच नाही, त्यावरून अजून घरात विषय निघतो. मंडळातले एक काका रोज चहात साखर कमी म्हणून आईला बोलायचे. वडील गेले त्या रात्री त्यांनीच आत जाऊन सगळ्यांना चहा केला. इतका गोड की पिववेना. कुणी काही बोललं नाही.

राजारामपुरीतून

सगळं गोड चाललंय, म्हणून जरा तिखट लिहिते. माझी आई स्वतः गायची. लग्नाआधी रीतसर शिकलेली. आमच्याकडंही बैठका व्हायच्या, वडिलांच्या मित्रांच्या. इतक्या वर्षांत "वहिनी, तुम्ही एक म्हणा" असं एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही. ती भाकरी थापता थापता तोच राग गुणगुणायची, आणि खरं सांगते, बाहेरच्यापेक्षा सुरात.

ती गेल्यावर भेटायला आलेले म्हणत होते, काय हात होता हो वहिनींचा! पांढरा रस्सा तसा कुठं खाल्ला नाही. मला इतका राग आला. हात सगळ्यांना आठवला, गळा कुणालाच नाही.

माझ्याकडं तिची एकच कॅसेट आहे. मी लहानपणी गंमत म्हणून टेप सुरू ठेवला होता. जेमतेम दोन मिनिटं. मागं कुकर. तिसरी शिट्टी होते आणि ती तान अर्धी टाकून उठते.

शुक्रवार पेठेतून

२०१९ च्या पुरात बाबांची पेटी गेली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या पुढं. आम्ही माणसं आणि कागदपत्रं वर नेली. पेटी माळ्यावर होती, तिथवर येईल असं वाटलं नव्हतं. पाणी उतरल्यावर लाकूड फुगलेलं, भात्याचा डिंक सुटलेला, पट्ट्या दातासारख्या वाकड्या. मिरजेला नेली. कारागीर म्हणाले, खोका टाका, सूर पितळी आहेत, ते वाचतील. नव्या खोक्यात जुने सूर बसवून दिले.

बाबांचा नियम होता, पेटी उघडली की आल्यागेल्याला दूध. गंगावेशीतून धारोष्ण आणायचे, पितळी पेल्यांत द्यायचे. पेले पुरातही राहिले, चिखलात सापडले. आता पेटी मुलगी वाजवते. तिच्या मैत्रिणींना दूध नको असतं, कॉफी लागते. त्याच पेल्यांत देतो. फार भाजतं, ओरडतात.

शाहूपुरीतून

आमची बैठक म्हणजे सांगली आकाशवाणी. आजूबाजूच्या चार घरांचा रेडिओ एकच, आमचा. गाणी लागली की अण्णा आवाज वाढवून दार उघडं टाकायचे, आणि आई न सांगता चार कप जास्तीचं आधण ठेवायची.

मंगळवार पेठेतून, पुन्हा मी

राजारामपुरीच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आमची आई गात नव्हती, पण तिनं एकही बैठक समोर बसून ऐकलेली नाही, हे मला पन्नाशीत तुमच्यामुळं कळलं. आम्ही सगळे पुढं, ती भिंतीपलीकडं.

काल तिचं वर्षश्राद्ध झालं, संध्याकाळी छोटी बैठक ठेवली. जेवण बाहेर सांगितलं. बायकोला आणि दोन्ही वहिन्यांना पहिल्या रांगेत बसवलं. भैरवी लागली तशी बायको सवयीनं उठायला लागली. मी खुणेनं बस म्हटलं. बसली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, गवसणी चढली, आणि जेवणाचा टेंपो अजून दसरा चौकात अडकलेला. तीस माणसं नुसती एकमेकांकडं बघत बसली. मग वडील सरसावले, "अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी..."