शब्दचर्चा: समानुभूती म्हणजे आतडं तुटणं का?

आशाताई, घाटंजी: आमच्या प्रशिक्षणात 'समानुभूती' (इंग्रजीत 'एम्पथी') शब्द आला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचं दुःख अनुभवणं. गावातल्या बायांना तो सांगू कसा? 'सहानुभूती' म्हटलं की त्यांना वाटते, कोणी गेलं!

वऱ्हाडी मास्तर: त्यांचं बरोबरच आहे. पुढाऱ्यांनी 'व्यक्त' करून करून तो शब्द पार गुळगुळीत केला. खरं तर सह-अनुभूती म्हणजे सोबत अनुभवणं, अर्थ तोच होता. इंग्रजीतही ह्यूम आणि अ‍ॅडम स्मिथ हे तत्त्वज्ञ 'सिम्पथी'च म्हणत. दुसऱ्याची वेदना आपल्या इंद्रियांना कळत नाही, कल्पनेनं त्याच्या जागी जावं लागतं, हे स्मिथनं १७५९ मध्ये मांडलं. 'एम्पथी' तर १९०९ चा, मानसशास्त्रज्ञ टिचनरनं जर्मन 'आइनफ्यूलुंग' (आत शिरून अनुभवणं) या शब्दावरून घडवलेला.

आपल्याकडे सरळ शब्द आहे, ताई: 'तिच्यासाठी माह्यं आतडं तुटते.' २००४ मध्ये मेंदूच्या अभ्यासक टानिया सिंगर यांच्या गटानं लंडनमध्ये बायकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. विजेचा झटका कधी तिच्या हाताला, कधी जोडीदाराच्या. त्याला बसला तरी तिच्या मेंदूतला 'इन्सुला' हा भाग जागा व्हायचा, स्वतःला बसल्यावर व्हायचा तसाच. मात्र झटका नेमका कुठं बसला हे सांगणारा भाग गप्प. म्हणजे दुखण्याची कळ तिची होत नाही, तळमळ होते. आणि इन्सुला हाच पोटातली, काळजातली हालहवाल घेणारा भाग. आतडं उगाच नाही तुटत!

कास्तकार: मास्तर, ते 'मिरर न्यूरॉन' राह्यले ना? दुसऱ्याला काही करताना नुसतं पाहूनही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी?

वऱ्हाडी मास्तर: ते इटलीत पार्मा इथं माकडांच्या मेंदूत सापडले, वस्तू उचलण्यासारख्या क्रियांपुरते. तेवढ्यावरून माणसाच्या कळवळ्याचं मूळच हाती लागलं म्हणणं घाईचं आहे.

सिस्टर, आर्णी: मला 'आतडं तुटणं' अपुरं वाटते. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेचे पेशंट एकामागून एक येत होते. प्रत्येकासाठी आतडं तुटत बसले असते तर सलाइन कोणी लावली असती? तिथं कणव लागते. दुसऱ्याचं दुःख कळते, पण हात थरथरत नाही.

वऱ्हाडी मास्तर: पटलं. सिंगर आणि त्यांच्या सहकारी क्लिमेकी यांनाही नुसतं दुःख वाटून घेण्याच्या आणि करुणेच्या सरावात मेंदूचे वेगवेगळे भाग काम करताना दिसले. तेव्हा 'कणव' ही 'समानुभूती'च्या जागी लिहू नये.

आशाताई, घाटंजी: मग बायांना दोन्ही सांगते. पहिले आतडं तुटणं, मंग कणव. पण आमच्या इकडं 'जीव तुटते' जास्त म्हणतात. ते चालन का?