जमैकाची ‘चॅम्प्स’: शाळेची अब्रू मुलांच्या पायांवर असावी का?

वेगवेडा (धागाकर्ता)

जमैकात दरवर्षी साधारणपणे मार्चच्या अखेरीस माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धा भरतात आणि सगळे बेट त्यांना ‘चॅम्प्स’ म्हणूनच ओळखते. 1910 साली सहा शाळांनी किंग्स्टनच्या सबिना पार्कवर त्यांचा आरंभ केला. (1971 साली आपल्या दिलीप सरदेसाईंनी 212 धावा केल्या, ते हेच मैदान.) आता या स्पर्धा पाच दिवस चालतात, आणि शेवटच्या दिवशी नॅशनल स्टेडियममध्ये किंग्स्टन कॉलेजचा जांभळा, कॅलाबारचा हिरवा-काळा आणि जमैका कॉलेजचा गडद निळा रंग पांघरून या शाळांचे आजी-माजी विद्यार्थी गच्च बसलेले असतात. पुढे देशाचे नेतृत्व करणाऱ्या नॉर्मन मॅन्ली यांनी 1911 मध्ये येथेच 100 यार्ड 10 सेकंदांत धावून केलेला विक्रम चार दशके टिकला. 2003 मध्ये सोळा वर्षांच्या उसेन बोल्टने 200 मीटर 20.25 आणि 400 मीटर 45.35 सेकंदांत पूर्ण केले. जेमतेम 28 लाख वस्तीचा देश जगाला एवढे धावपटू देतो, त्याचे मूळ मला रक्तात नव्हे, तर या स्पर्धेत दिसते.

मातीचा ट्रॅक

तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी बरीच वर्षे शाळकरी धावपटूंना शिकवतो आहे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची हाडे वाढत असताना त्याच्याकडून प्रौढासारखा सराव करून घेतला, तर त्याची किंमत कोण मोजतो, हे मी जवळून पाहिले आहे. ‘चॅम्प्स’मध्ये अंतिम फेरीतल्या स्थानानुसार शाळेला गुण मिळतात आणि त्या गुणांवर करंडक ठरतो; त्यामुळे पाय दुखत असलेल्या मुलालाही ‘शाळेसाठी एवढे धाव’ असे सांगण्याचा मोह प्रशिक्षकाला होतो. चांगला धावपटू दिसला की मोठी शाळा त्याला आपल्याकडे ओढते, ही तक्रारही तिथे जुनीच आहे. आणखी एक गोष्ट तुम्ही लक्षात घ्यावी: जमैकाचाच धावपटू असाफा पॉवेल शाळेत असताना ‘चॅम्प्स’मध्ये कधीच जिंकला नाही, तरी 2005 मध्ये त्याने 100 मीटरमध्ये 9.77 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. शाळकरी वयातले यश हीच कसोटी असती, तर तो निवडलाच गेला नसता.

वेगवेडा

पॉवेलचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते माझ्याही बाजूचे आहे. न जिंकलेल्या मुलालाही पुढे घडवणारे प्रशिक्षक देशातच होते. क्यूबाच्या मदतीने 1980 साली उभे राहिलेले जी. सी. फॉस्टर महाविद्यालय क्रीडाशिक्षक तयार करते आणि ते शिक्षक गावोगावच्या शाळांत जातात. शाळांना त्यांची गरज भासते, ती वर्षातून एकदा गाठायच्या या स्पर्धेमुळेच. शिवाय ज्या घरात शिक्षणाचा खर्च परवडत नाही, तिथल्या मुलीला याच मैदानावरून अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळू शकते. तिला ‘थांब, अजून लहान आहेस’ असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

उंबरठा

मी एका धावणाऱ्या मुलीची आई आहे, म्हणून लिहिते. शिष्यवृत्तीचा मुद्दा मला पटतो. मात्र ज्या मुलींना ती मिळत नाही, त्या पाच दिवसांनंतर कुठे जातात, याचे उत्तर वेगवेडा यांच्या लिखाणात सापडले नाही. 1999 पासून मुले आणि मुली एकाच स्पर्धेत धावू लागल्या, हे मला फार मोलाचे वाटते, कारण तेव्हापासून मुलींनाही तेच भरलेले स्टेडियम मिळाले. म्हणून स्पर्धा बंद व्हावी असे मी म्हणणार नाही. परंतु दुखापत झालेल्या मुलाला धावू द्यायचे की नाही, हा निर्णय शाळेच्या प्रशिक्षकाकडे नसावा. तो करंडकाशी काहीही संबंध नसलेल्या डॉक्टरकडे असावा.

मातीचा ट्रॅक

एवढे झाले, तर माझा निम्मा विरोध मावळेल. उरलेला निम्मा गुणपद्धतीला आहे आणि तो कायम राहील, कारण गुण जोवर शाळेच्या खात्यावर जमा होतात, तोवर मुलाच्या नकाराला किंमत येत नाही.