माझी पसंती 'कॉल ऑफ कथुलू'ला
टेबलाभोवती बसून, फासे टाकत आपापल्या पात्राची गोष्ट रंगवायच्या रोल-प्लेइंग खेळांपैकी नवख्यांना सोपं कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) सुचवतात. मला १९८१ साली आलेलं, भयकथांवरचं 'कॉल ऑफ कथुलू' त्याहून सोपं वाटतं. पात्राचं कौशल्य थेट टक्क्यांत असतं: ग्रंथालयात माहिती शोधणं ६०, म्हणजे टक्केवारीच्या (१ ते १०० आकडा देणाऱ्या) फाशांवर ६० किंवा त्याखाली पडलं की जमलं. सातव्या आवृत्तीतला 'पुश' तर फारच आवडतो. फासे चुकीचे पडले तर पुन्हा टाकता येतात, पण परत हुकलं तर कीपर, म्हणजे खेळ चालवणारा, काहीतरी भयंकर घडवणारच. टाकायचे की नाही, यावर टेबलाभोवती जी खडाजंगी होते, तीच माझ्यासाठी खरी मजा! आणि इथे पात्र अजिंक्य होत जात नाही. गोष्टीतलं भयाण सत्य जितकं कळेल तितकी त्याची सॅनिटी, म्हणजे मानसिक संतुलन, खचते. सतत लढाया हव्या असतील तर मात्र डी अँड डीच घ्या.