पाणीच वाट अडवतं

तेल नि पाणी वेगळं करायच्या जाळ्यांबद्दल एक प्रश्न येतो, की चीनमध्ये २००४ साली केलेली टेफ्लॉनचा लेप दिलेली स्टीलची जाळी तेल सोडते नि पाणी अडवते, मग कधी पाणी अडवणारी, कधी पाणी सोडणारी, अशी स्वभाव बदलणारी जाळी हवीच कशाला? अहो, पाणी तेलापेक्षा जड. मिश्रण वरून ओतलं की पाणीच जाळीवर ठाण मांडतं, डिझेलसारखं तेल वर लटकलेलं. म्हणून स्वभाव बदलणारी जाळी: झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म काड्या उगवलेल्या जाळीवर पाण्याचा थेंब अळूच्या पानावर राहावा तसा गोल राहतो. अतिनील प्रकाश पाडा, तोच थेंब पसरून मुरतो. आता ओली जाळी पाणी सोडते, तेल थोपवते. मेख पुढेच आहे: मूळपदावर यायला तिला कित्येक दिवस अंधारात ठेवावं लागतं. कारखान्यात एवढा धीर कुणाला! त्यापेक्षा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास स्वभाव पलटणारं पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ) जाळीवर लावणं मला जास्त पटतं. गरम पाणी सोडलं की काम झालं.