मदत हवी आहे: जुन्या ड्रमचा बॅज परत बसवताना ग्रॉमेट फाटतंय

नमस्कार मंडळी,

साठच्या दशकातले लुडविग कंपनीचे दोन ड्रम हाती घेतलेत: १६ इंची फ्लोअर टॉम (पायांवर उभा राहणारा ड्रम) आणि २२ इंची बेस ड्रम. तीन प्लायचं (लाकडाच्या तीन पातळ थरांचं) शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, आणि त्यावर कंपनीच्या नावाचा कीस्टोन बॅज. रॅप (शेलवरचं प्लास्टिकचं आवरण) जोडापाशी सुटून तडकला होता. तो बदलायचा म्हणजे आधी बॅज काढणं आलंच.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: या बॅजला ना खिळा, ना स्क्रू. निकेलचा मुलामा दिलेली एक पितळी नळी, म्हणजेच ग्रॉमेट, बॅज, रॅप आणि शेल यांच्या आरपार जाते. बाहेर तिचं टोपीसारखं डोकं, आत तिची कड वळवून दाबलेली. हेच ड्रमचं हवेचं भोकसुद्धा, त्यामुळे बुजवून टाकायची सोय नाही.

आतली कड हळूहळू कानशीने घासून दोन्ही ग्रॉमेट काढली. बॅजवर ओरखडा नाही (याचा मला जरा जास्तच अभिमान आहे). नवीन रॅपही नीट बसला. मग नवीन ग्रॉमेट घातलं, डोक्याखाली ऐरण ठेवली, आतून कड वळवायच्या ठशावर हातोडी मारली आणि कड फुलाच्या पाकळ्यांसारखी सहा ठिकाणी फाटली. दुसरं घेतलं, तेच. वर बॅज सैल, बोटाने गोल फिरतोय. तिसरं शेवटचं उरलंय. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
हातोडीचं नंतर बघू. डोक्याखालची नळी किती लांब आहे, आणि शेल, रॅप, बॅज मिळून जाडी किती?

धागाकर्ता
कॅलिपरने मोजलं. शेल मधोमध ५.५ मिमी, रॅप अर्धा, बॅज अर्धा. एकूण साडेसहा. नळी १२ मिमी लांब. व्याससुद्धा १२च.

प्रतिसाद १
मग हेच तुमचं दुखणं. आत साडेपाच मिमी नळी बाहेर येतेय. ती सगळी आडवी झाली तर १२ मिमीची कड २३ मिमीपर्यंत ताणावी लागेल. पितळ एवढं ताणत नाही, फाटणारच. अडीच मिमी पुरे. म्हणजे नळी कापून ९ मिमीवर आणा. बारीक दात्यांची करवत वापरा, मग कापलेल्या कडेची कूस (कापताना उरलेली खरखरीत धार) आतून-बाहेरून घासून पॉलिश पेपर फिरवा. फाटायला सुरुवात त्या कुशीपासूनच होते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण मी हातोडी मुळातच टाळेन. तीन प्लायच्या शेलला आतून दणका बसला की भोकाभोवतीचा व्हिनीअर (लाकडाचा पातळ थर) उठतो. ठशाच्या मधोमध आरपार भोक पाडून घ्या (लेथ असलेल्या कुणाकडूनही होईल), त्यातून ८ मिमीचा बोल्ट घाला. बाहेर डोक्यावर आधी चामड्याचा तुकडा, मग जाड वॉशर. आता पान्ह्याने पाव-पाव फेरा आवळा. कड वळताना दिसते, तिरकी जाऊ लागली तर थांबता येतं. हातोडी मारल्यावर थांबता येत नाही.

प्रतिसाद ३
माझं मत वेगळं. जुन्या ग्रॉमेटची डोकी टाकली नसतील ना? नवं निकेल जुन्या बॅजवर दातात बसवलेल्या चांदीसारखं चमकतं. मी जुनं डोकं आणि उरलेली नळी तशीच बसवतो, आतून थोडं एपॉक्सी. भार काहीच नसतो, पडत नाही. आणि आतला करडा ठिपक्यांचा रंग घासू नका. तारखेचा शिक्का असेल तर तो गेला म्हणून समजा.

धागाकर्ता
डोकी डबीत आहेत. पण एपॉक्सीला मन होत नाही, पुढे कुणाला बॅज काढायचा झाला तर तो शिव्या घालेल. जुनी नळी तापवून नरम केली तर पुन्हा वळेल का?

प्रतिसाद २
पितळ मंद लाल होईपर्यंत तापवलं की नरम पडतं, पण एवढ्याशा वस्तूत उष्णता डोक्यापर्यंत जातेच आणि निकेल काळवंडतं. शिवाय तुम्ही कड घासून टाकलीत, वळवायला लांबी कुठे उरली? ते डोकं आठवण म्हणून ठेवा.
आणखी एक: दोन्ही बॅजची अदलाबदल करू नका. फ्लोअर टॉमच्या बॅजला जास्त बाक असतो. बेस ड्रमचा बॅज टॉमवर गेला तर कोपरे उचलले जातात, आणि मग ग्रॉमेट कितीही आवळा, तो बसत नाही.

धागाकर्ता
अरे देवा. दोन्ही एकाच डबीत होते. आत्ता शेलवर धरून पाहिले, फाटलेल्या दोन्ही वेळी मी टॉमवर बेस ड्रमचाच बॅज लावत होतो.

धागाकर्ता (चार दिवसांनी)
शेवटचं ग्रॉमेट ९ मिमीला कापून बोल्टने आवळलं. साधारण वीस मिनिटं गेली, घाम मात्र तासाभराचा आला. कड अखंड वळली, एका बाजूला केसाएवढी चीर आहे, ती आतच राहणार. टॉमचा बॅज हलत नाही. बेस ड्रमसाठी नवीन ग्रॉमेट मागवतोय, या वेळी लांबी विचारून.